धावपट्टी, दोरी आणि फिर्याद

कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. पांडुरंगाच्या दारात सुक्या बोंबलांचे ढीग लागावेत, ही गोष्ट घाटावरच्या माळकऱ्याला पचायला जरा जड जाते. खोपोली-खालापूरकडच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. तुकोबा बोरघाट उतरून मिरच्या विकायला या बाजूला येत, असं इथली जुनी माणसं सांगतात. देवाला हात जोडले, वर्षाची सुकी मासळी बांधून घेतली, घोंगडी खांद्यावर टाकली की माणूस मोकळा. तोवर भात कापून झालेलं असतं, खाचरं वाळलेली असतात, आणि चहाच्या टपरीवर पुढचा विषय निघतो : यंदा शर्यत कुठे?

मी तालुक्याच्या कोर्टात हयात घालवलेला माणूस. वकील नव्हे, कागद लावणारा कारकून. निवृत्तीनंतर गावोगावचे अर्ज आपोआप माझ्याकडे यायला लागले. अशाच एका यात्रेत शेजारच्या गावातल्या चार पोरांनी मला बाकड्यावर बसवलं आणि शर्यतीच्या परवानगीचा अर्ज पुढे केला. त्यांच्याबरोबर त्यांचा गाडीवानही होता. पंचविशीचा, हडकुळा, दोन्ही तळहातांवर कासऱ्याचे घट्टे पडलेले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "काका, गाडी पब्लिकमध्ये घुसली आणि कोण मेला, तर आत कोण जाणार? मी का हे?"

पोरं हसली. मला मात्र ते उत्तर चहा संपेपर्यंत देता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

बैलगाडीची शर्यत ही आमच्याकडची एक संस्थाच आहे. तिला कार्यालय नाही, घटना नाही, इतिवृत्ताची वही नाही. पण ग्रामपंचायतीपेक्षा ती जुनी आहे आणि तिच्या सभेला कोरम कधी कमी पडत नाही. अशा संस्थेची वाटचाल लिहायची तर साधनं दोनच. एक गावकीच्या आठवणी आणि दुसरं कोर्टाचं दप्तर.

आधी आठवणी. मी सातवीत असताना वडिलांच्या खांद्याला धरून एका गावची शर्यत पाहिली. बांबू रोवलेले, त्यांना काथ्याची दोरी, फक्कीने आखलेल्या रेघा. दोरी होती, पण तिच्यामागे कोणी उभं राहत नव्हतं. गाड्या लांब असेपर्यंत लोक पट्टीत वाकून बघायचे, जवळ आल्या की मागे सरायचे, आणि गाडी पुढे गेली रे गेली की पाण्यासारखे पुन्हा पट्टीत शिरायचे. पहिल्या गाडीमागे शिरलेल्यांना दुसरी गाडी दिसली नाही. एक जण जुवाखाली गेला. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. पोलीस आले नाहीत, कोणी बोलावलेच नाहीत. संध्याकाळी देवळात पंच बसले. गाडीच्या मालकाने दवाखान्याचा खर्च आणि भाताची काही पोती द्यायची ठरली. गाडीवानाने जखमीच्या पायावर डोकं ठेवलं, नारळ फोडला, मिटलं. पुढच्या वर्षी तोच गाडीवान, तीच जोडी. लंगडणारा माणूस दोरीला टेकून बघायला आलेला.

या पद्धतीत माया होती, असं आता म्हणायची पद्धत आहे. असेलही. पण त्या माणसाची बायको पुढे दोन पावसाळे दुसऱ्याच्या शेतावर लावणीला गेली, ते पंचांच्या हिशेबात कुठे आलं नाही.

सरकारी कायदा तेव्हाही होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत हयगयीने मृत्यू घडवण्याचं कलमच नव्हतं. ते १८७० मध्ये मागाहून घातलं गेलं. तेच ३०४-अ, शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम २७९. त्यात मोटारच हवी असं नव्हतं, बैलगाडीही चालायची. आपल्या ताब्यातल्या जनावराची खबरदारी न घेण्याचं कलम २८९. म्हणजे माझ्या लहानपणच्या त्या दुपारी लावायची तर दोन-तीन कलमं तयार होती. लावायला कोणी गेलं नाही इतकंच.

त्याच संहितेत आणखी एक कलम होतं, ८७. त्यात खेळातल्या दुखापतीचं उदाहरण दिलं होतं : दोघांनी करमणूक म्हणून तलवारीचे हात खेळायचं ठरवलं, खेळ नियमाने झाला आणि एकाला लागलं, तर गुन्हा नाही, कारण संमती होती. शर्यतवाल्यांना हे कलम फार आवडतं. "बघायला आला म्हणजे आपल्या जोखमीवर आला," असं स्पीकरवरून सांगितलंही जातं. पण संमती दिली ती खेळणाऱ्यांनी एकमेकांना. उसाचा रस पीत दोरीबाहेर उभ्या असलेल्या माणसाने कोणाला कसली संमती दिली?

इंग्लंडात हा प्रश्न ब्रुकलँड्सच्या मोटार धावपट्टीवर आला. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या पट्टीवर १९३० मध्ये एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. जखमीने क्लबवर दावा लावला. अपील कोर्टाने क्लबला जबाबदार धरलं नाही : २३ वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं, क्लबने वाजवी काळजी घेतली होती, आणि वेगाच्या खेळातला उरलेला धोका पाहणारा पत्करतोच. आमच्याकडच्या वकिलांनी या निकालातलं शेवटचं वाक्य उचललं आणि मधलं सोडलं. वाजवी काळजीचं.

आता मूळ मुद्दा : हाकणारा की भरवणारा? इथे मुंबईच्याच दोन खटल्यांचा ठसा आहे. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ओंकार रामप्रतापच्या खटल्यात सांगितलं की ३०४-अ लावायचं तर मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा थेट परिणाम हवा, मध्ये दुसऱ्याची हयगय यायला नको. १९६५ मध्ये कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. मुंबईतल्या रंगाच्या कारखान्याला थंड पद्धतीने रंग बनवण्याचा परवाना होता. प्रत्यक्षात आत शेगड्या पेटत होत्या. एका कामगाराने गरम मिश्रणात टर्पेंटाइन घाईने ओतलं, फेस उतू जाऊन आग लागली, ७ कामगार गेले. चालवणारा विनापरवाना शेगड्या पेटवत होता हे सिद्ध झालं, तरी ३०४-अ मधून तो सुटला, कारण मृत्यूचं लगतचं कारण ते घाईचं ओतणं होतं. आगीबाबत निष्काळजी राहिल्याच्या छोट्या कलमाखाली तेवढा तो अडकला.

हा निकाल शर्यतीला लावून बघा. दोरी न बांधणारा, झेंडीवाल्याला घाई करणारा, पट्टी भरलेली असताना माइकवरून "सोडा, सोडा" ओरडणारा, हे सगळे मृत्यूपासून एकेक पाऊल लांब. सगळ्यांत जवळ असतो तो कासरा धरलेला हात. म्हणून फिर्यादीत पहिलं नाव गाडीवानाचं पडतं. भरवणाऱ्याचं कागदी पाप कितीही मोठं असलं, तरी ते मृत्यूला थेट जोडून दाखवण्याची मेहनत तपास अधिकाऱ्याला घ्यावी लागते, आणि मेहनतीला वेळ लागतो. माझ्या मते आमच्या शर्यतींच्या कायद्यातली सगळ्यांत वाईट अडचण हीच आहे.

मग बंदीची दहा वर्षं आली आणि या संस्थेचं दप्तर एकदम जाड झालं. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने अधिसूचना काढून खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाला घातलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली बंदी कायम ठेवली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती दोन्ही बंद केल्या. ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने अटी घालून दार किलकिलं केलं, पाच दिवसांत न्यायालयाने ते लावून घेतलं. २०१७ मध्ये राज्याने आपला दुरुस्ती कायदा केला. त्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा रोखलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या दिवशी आमच्याकडे गुलाल उधळला गेला.

या दशकभरात शर्यती थांबल्या होत्या असं म्हणणारा माणूस रायगडचा नव्हे. त्या पहाटे झाल्या, आडरानात झाल्या. फक्की नाही, दोरी नाही, रुग्णवाहिका नाही, कारण यातलं काहीही मागवलं की बोभाटा. पकडले गेले तर १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. टपरीवर चौघांचा चहा-वडापावही त्यात भागत नाही. बंदीने बैलाचं किती रक्षण झालं यावर दोन मतं असतील. बघणाऱ्याचं रक्षण मात्र कमी झालं, एवढं मी खात्रीने सांगतो.

२०१७ चा कायदा मी अर्जासाठी पुन्हा वाचला तेव्हा व्याख्येवर अडकलो. बैलगाडी शर्यत म्हणजे काय? तर परंपरा म्हणून होणारी बैलांची शर्यत, मग ती गाडीला जुंपून असो वा नसो, गाडीवान असो वा नसो. बैलगाडा, छकडी, शंकरपट अशी तिची नावं. गाडीवान असो वा नसो! पुणे जिल्ह्यातल्या घाटांत गाड्यावर माणूस नसतो, बैल सुटतात ते सुटतातच, हे विदर्भातल्या धुरकऱ्याला पटत नाही; कायद्याने दोघांना एका वाक्यात बसवलं. पण हाकणाराच नसलेला गाडा माणसाच्या अंगावर गेला तर लगतचं कारण कोण? बैल? तिथे मालक आणि भरवणाऱ्याकडे वळण्याशिवाय फौजदाराला गत्यंतर नाही. म्हणजे गाडीवान ठेवावा तर फिर्याद त्याच्यावर, न ठेवावा तर सगळ्यांवर. हा मी काढलेला अर्थ आहे, कायद्याने असं कुठे म्हटलेलं नाही.

नियमांचा मुख्य रोख बैलावर आहे आणि तो असायलाच हवा. धावपट्टी १००० मीटरच्या वर नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, ५० हजारांची अनामत, पशुवैद्यकाचा दाखला, सगळ्याचं चित्रीकरण. चाबूक, पराणी, शेपूट पिरगळणं बंद. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. आता हा आकडा ३०४-अ च्या शेजारी मांडून बघा. शर्यतीत बैलाला टोचलं तर ३ वर्षांपर्यंत, आणि त्याच शर्यतीत हयगयीने माणूस मेला तर २ वर्षांपर्यंत, असा हिशेब काही वर्षं आमच्या राज्यात चालू होता. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि कलम १०६ ने ती मर्यादा ५ वर्षांवर नेली, तेव्हा तो मोडला. शर्यतवाल्यांपैकी कोणाच्या हे लक्षातही आलेलं नाही. माझ्या समोरच्या पोरांच्याही नव्हतं.

मोटारींच्या शर्यतीत हाच रस्ता जगाने आधी तुडवलाय. १२ मे १९५७ ला इटलीत मिल्ले मिल्या या खुल्या रस्त्यावरच्या शर्यतीत ग्विदिझ्झोलो गावाजवळ फेरारी गाडी लोकांत घुसली. चालक आणि सहचालक तर गेलेच, ९ प्रेक्षक गेले, त्यांतली ५ मुलं. चालक हयात नसल्याने फौजदारी वळली ती गाडी बनवणाऱ्या एन्झो फेरारीकडे. चार वर्षं खटला डोक्यावर बाळगून १९६१ मध्ये तो सुटला. त्याच वर्षी मॉन्झाला फॉन ट्रिप्स या चालकाची गाडी उडून पंधराच्या आसपास माणसं मेली. ज्याच्या गाडीला तिचा स्पर्श झाला तो जिम क्लार्क जिवंत होता, म्हणून चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे. मृत चालकाला कायदा गाठू शकत नाही, जिवंत चालकाला सोडू शकत नाही. मिल्ले मिल्या ही शर्यत म्हणून त्या १९५७ नंतर भरली नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण राजस्थानातलं. २१ सप्टेंबर २०१९ ला राष्ट्रीय रॅलीच्या जोधपूर फेरीत, बाडमेर जिल्ह्यात, मोटारसायकलवरून जाणारं एक कुटुंब रॅलीच्या बंद केलेल्या मार्गावर आलं आणि गौरव गिलच्या गाडीची धडक बसून तिघे गेले. गिल स्वतः जखमी झाला. महिन्याभरापूर्वीच त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला होता, मोटार क्रीडेतला पहिला. गुन्हा चालक, सहचालक आणि आयोजक अशा सगळ्यांवर नोंदला गेला. रॅलीत वळणापलीकडे कोण आहे हे चालकाला दिसत नाही. मार्ग मोकळा आहे असं त्याला सांगितलेलं असतं आणि त्या शब्दावर तो गाडी सोडतो. गावकऱ्याच्या लेखी तो मार्ग म्हणजे रोजची शेताची वाट. दोघांच्या मध्ये उभं राहायला हवं होतं ते माणूसबळ आणि ती दोरी, आणि ते काम चालकाचं नाही. म्हणून आयोजकही फिर्यादीत आले हे मला योग्य वाटतं, मग पुढे कोर्टात काहीही होवो.

उघड्या रस्त्यावर पैज लावून गाड्या पळवणारे याहून वेगळे. आमच्या तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो, सुट्टीच्या पहाटे तो आवाज घरात ऐकू येतो. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे : सरकारच्या लेखी संमतीविना शर्यत लावली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड, पुन्हा केली तर वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार. आणि धोका कळत असूनही गाडी दामटली असं दिसलं तर हयगयीचं कलम मागे पडून सदोष मनुष्यवधाचं पुढे येतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये ७ मजूर चिरडले गेले, त्या परेरा खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ वर्षांची शिक्षा कायम केली ती याच वरच्या कलमाखाली.

कैदेचं झालं, घरच्यांचं काय? इथे तर दोन्ही शर्यतींची गाडी एकाच चिखलात रुतते. मोटारीने माणूस मेला तर मोटार अपघात दावा प्राधिकरण आहे. पण 'आयोजित शर्यत किंवा वेगचाचणी'साठी वाहन वापरायचं नाही अशी अट पॉलिसीत असेल, तर तिच्याकडे बोट दाखवून हात झटकायची वाट कायद्यानेच विमा कंपनीला ठेवलीय. शर्यतीचा वेगळा विमा नसेल तर दावा जिंकूनही पैसे मालकाच्या खिशावर अवलंबून. बैलगाडीचं त्याहून अवघड. ती मोटार वाहनच नाही, म्हणून प्राधिकरणाचा उंबरा तिला नाही. मृताच्या बायकोपोरांनी १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा लावायचा. माझ्या नोकरीत असे दावे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. लावणारे लोक गरीब, तारखा लांब, आणि मध्येच कोणीतरी गावकीत मिटवून टाकतं. पोती भाताची, नारळ देवळाचा. सातवीतल्या दुपारपासून इथे फार काही हललेलं नाही.

त्या गाडीवानाला मी शेवटी जे सांगितलं ते असं. "बाबा, पहिलं नाव तुझंच पडेल. परवानगी नसेल तर यांचीही पडतील. पण तू वाचणार का, ते बघितलं जाईल एका गोष्टीवर : पट्टीत माणसं दिसत असताना तू जोडी सोडलीस का? झेंडी पडली तरी कासरा ओढून धरायचा तुला हक्क आहे. तो नाही वापरलास तर मग तुला कोणी वाचवायचं नाही."

तो म्हणाला, "काका, झेंडी पडल्यावर जो थांबला त्याला पुढल्या साली कोण गाडी देतो?"

यावर पोरांपैकी कोणी हसलं नाही. मग आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. झेंडीवाल्याशिवाय आणखी दोन माणसं पट्टीच्या दोन टोकांना, त्यांनी हात वर केल्याखेरीज झेंडी नाही. गाडीवान थांबला तर तो बाद नाही, बारी पुन्हा. दोन्ही अंगांना एकाऐवजी दोन दोऱ्या, मध्ये पंधरा फूट रिकामे. शेवटच्या रेघेपुढे शंभर मीटर कोणी उभं राहायचं नाही, कारण जिंकलेली जोडी रेघेवर थांबत नसते. आणि प्रेक्षकांचा विमा, त्याची चौकशी खोपोलीत एजंटाकडे. यातलं बरंचसं नियमांत मागितलेलं नाही. वेगळ्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्यांनिशी जोडलं. पहिली सही गाडीवानाची घेतली.

दुसऱ्या दोरीचं आणि जादा बांबूंचं बिल सहा हजारांवर गेलं. ते त्यांनी डीजेच्या रकमेतून वळतं केलं.